प्रस्तावना : उभी बाग लावण्याआधी

मराठी घरात भिंत आणि झाड यांचं नातं बहुतेक वेळा वैराचं असतं. गच्चीच्या कठड्यात, सांडपाण्याच्या पाइपामागे किंवा जुन्या वाड्याच्या चुन्याच्या सांध्यात पिंपळाचं बोटभर रोप दिसलं, की घरातलं वडीलधारं माणूस ते काढून टाकायला सांगतं. मात्र पिंपळाला हात लावायला घरातलं कुणी धजत नाही, म्हणून गवंड्याला निरोप जातो. तेवढंही कुणी केलं नाही तर काय होतं, ते आपल्या किल्ल्यांच्या तटांवर आणि बुरुजांवर पाहून घ्यावं. अशा वाचकाच्या हातात भिंतीवर मुद्दाम झाडं वाढवायला सांगणारं पुस्तक द्यायचं, तर त्याच्या मनातली शंका खोटी नाही हे आधीच मान्य केलेलं बरं.

पण त्याच वाड्याच्या परसात आड असेल, तर त्यात एकदा वाकून बघावं. आतल्या दगडांच्या फटींतून हंसराजाचे झुबके पाण्याकडे झुकलेले असतात. देठ काळेभोर आणि तारेसारखे, पानं पोपटी. ते कुणी लावलेले नसतात, त्यांना कुणी खत घातलेलं नसतं आणि त्यांच्यामुळे आड ढासळल्याचं ऐकिवात नाही. पिंपळाला भिंत ही वाटेतली जागा असते. पक्ष्याच्या विष्ठेतून बी तिथे पडतं, पण मुळांना ओढ असते ती खालच्या जमिनीची, आणि त्या वाटेवर ती सांधे फोडत जातात. हंसराजाला भिंतच पुरते. त्याला तिथे थेट ऊन लागत नाही, वारा झोंबत नाही, हवा बारा महिने दमट असते आणि दगडातून पाणी थोडं थोडं, पण सतत झिरपत राहतं. या चारही गोष्टी जिथे नाहीत तिथे त्या विकत आणून देण्याच्या खटाटोपाला आज जिवंत भिंत, हरित भिंत किंवा व्हर्टिकल गार्डन म्हणतात. पुढची सगळी प्रकरणं या खटाटोपाची आहेत. तो कधी करावा, कसा करावा आणि कधी करूच नये, हे त्यांत सापडेल.

आपल्याकडे निसर्गही भिंती सजवतो, पण त्याची रीत वेगळी आहे. जुलैत ताम्हिणीला, माळशेजला किंवा आंबोलीला जावं. काळा कातळ दिसेनासा झालेला असतो. शेवाळावर नेचे, नेच्यांत बेगोनिया, पाझराच्या कडेने तेरड्यांच्या रानटी जाती. बोरघाटातल्या रेल्वेच्या जुन्या दगडी भिंतीही त्या दिवसांत अशाच हिरव्या होतात. दिवाळी उलटली की मात्र तोच कातळ उघडा पडतो. कुणी कंदात शिरून बसतं, कुणी बी टाकून मोकळं होतं, कुणी पानं गुंडाळून कोरडं पडून राहतं. सह्याद्रीने बारा महिने हिरव्या भिंतीचा हट्ट कधी धरलेला नाही. तो हट्ट आला विषुववृत्ताजवळच्या, वर्षभर पाऊस पडणाऱ्या जंगलांतून, आणि आपल्यापर्यंत पोचला पॅरिसमार्गे. हा प्रवास नीट समजून घेतला, तर आपल्याकडच्या निम्म्याअधिक भिंती का वाळतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

या प्रवासातलं मुख्य नाव पात्रिक ब्लाँ. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ, जन्म १९५३. केस हिरवे रंगवणारा आणि घरातल्या अभ्यासिकेची जमीन म्हणजे मत्स्यालयावरची काच असलेला हा माणूस पाहून तो नुसता विक्षिप्त कलावंत वाटेल, पण त्याचा पाया अस्सल संशोधकाचा आहे. शाळकरी वयात मत्स्यालयाचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून त्याने फिलोडेंड्रॉनची मुळं पाण्यात सोडली, आणि मातीवाचून झाडाचं काही अडत नाही हे त्याच्या लक्षात आलं. १९७२ साली, एकोणिसाव्या वर्षी, तो मलेशिया आणि थायलंडच्या जंगलांत गेला. धबधब्याशेजारचे खडक, गुहांची तोंडं, झाडांची खोडं अशा सगळ्या उभ्या जागांवर त्याला वनस्पती आनंदात वाढताना दिसल्या. दाट रानाच्या तळाशी, अगदी अपुऱ्या उजेडात जगणाऱ्या वनस्पती हाच पुढे त्याच्या अभ्यासाचा विषय झाला. १९८६ मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञाननगरीत भिंत उभी केली, १९८८ मध्ये पेटंट घेतलं आणि १९९४ च्या शोमाँ उद्यान महोत्सवानंतर लोक त्याला ओळखू लागले. सेन नदीकाठच्या के ब्रांली संग्रहालयाची त्याची भिंत २००६ मध्ये लोकांसमोर आली. आठशे चौरस मीटर क्षेत्र, सुमारे दीडशे जातींची पंधरा हजार रोपं. त्यानंतर जगभरच्या वास्तुरचनाकारांच्या नकाशांत हिरवे चौकोन दिसू लागले.

त्याची रचना वाटते त्याहून साधी आहे. मूळ भिंतीपासून थोडं अंतर सोडून धातूचा सांगाडा. त्यावर दहा मिलिमीटर जाडीचा पीव्हीसीचा पत्रा. त्यावर न कुजणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या नमद्याचे दोन थर. वरच्या थराला चिरा देऊन त्यांत रोपं बसवायची आणि स्टेपलने पक्की करायची. माथ्यावरून जाणाऱ्या नळीतून दिवसातून अनेकदा, थोड्या थोड्या वेळासाठी, खतांचं अगदी विरळ द्रावण सोडायचं. माती कुठेही नाही, त्यामुळे वजन दर चौरस मीटरला तीस किलोच्या आत राहतं. पिंपळाच्या धास्तीलाही इथेच उत्तर मिळतं. मुळं जातात पाण्याच्या मागे. पाणी नमद्यातच आहे, म्हणून ती नमद्यातच पसरतात, आणि मागे हवेची पोकळी असल्याने मूळ भिंतीशी त्यांचा संबंध येत नाही.

ब्लाँच्या बऱ्याच आधी हा विचार एका अमेरिकी प्राध्यापकाने केला होता, हे मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. इलिनॉय विद्यापीठात उद्यानरचना शिकवणाऱ्या स्टॅनली हार्ट व्हाइट यांनी १९३८ मध्ये उभ्या बागेचं पेटंट मिळवलं आणि घरामागच्या अंगणात तिचे नमुनेही उभे केले. त्यांना ते वनस्पतींच्या विटा म्हणत. (‘शार्लट्स वेब’ लिहिणारे ई. बी. व्हाइट यांचे हे बंधू. धाकट्याची कोळीण जगभर पोचली, थोरल्याच्या विटा अंगणातच राहिल्या.) स्वस्त पंप, प्लास्टिकच्या बारीक नळ्या, ठरल्या वेळी पाणी सोडणारा टायमर, यांतलं काहीही तेव्हा आजसारखं सहज मिळत नव्हतं. उभ्या बागेचा इतिहास हा बराचसा नळकामाचा इतिहास आहे, असं मला वाटतं.

इथे एक भेद करणं भाग आहे, कारण बाजारात तो सर्रास पुसला जातो. एका प्रकारात झाडाची मुळं भिंतीवरच असतात, वर वर्णन केली तशी. दुसऱ्यात मुळं जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत असतात आणि वेल तेवढी भिंतीपुढच्या तारांवर, जाळीवर चढते. पहिल्या प्रकाराचे फोटो छान येतात. दुसरा वर्षानुवर्षं टिकतो. पंप दोन दिवस बंद पडला तर मे महिन्यात पहिल्या प्रकारची भिंत संपते. मधुमालतीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तिची मुळं दीड-दोन हात खाली ओलाव्यात असतात. श्रीलंकेत दांबुल्लाजवळ वास्तुरचनाकार जेफ्री बावा यांनी बांधलेलं कंडलमाचं हॉटेल ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना दुसऱ्या प्रकाराची ताकद सांगायला नको. डोंगराच्या कड्याला टेकलेली लांबलचक काँक्रीटची इमारत, तिच्यापुढे लाकडी पट्ट्यांची चौकट आणि त्या चौकटीवरून वेलींनी केलेलं राज्य. ते १९९४ मध्ये बांधून झालं, आणि आज दुरून पाहणाऱ्याला तिथे इमारत आहे हेच पटकन कळत नाही. तिथलं उष्ण हवामान आपल्याला जवळचं. पॅरिसपेक्षा दांबुल्लाकडून शिकलो असतो, तर आपले पुष्कळ पैसे आणि पाणी वाचलं असतं.

पाण्याचा हिशेब या विषयात सर्वांत शेवटी मांडला जातो. खरं म्हणजे तो पहिल्या भेटीतच मांडायला हवा. नमद्याच्या किंवा कप्प्यांच्या भिंतीला ऊन, वारा आणि माध्यम यांनुसार दर चौरस मीटरला दिवसाला साधारण दोन ते पाच लिटर पाणी लागतं. वीस चौरस मीटरची मध्यम भिंत धरली आणि चार लिटरचा हिशेब लावला, तर रोजचे ऐंशी लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर हे नियोजनाचं प्रमाण धरतात. म्हणजे ही भिंत घरातल्या अर्ध्याहून अधिक माणसाचं पाणी पिते. जूनमध्ये हा आकडा कुणाला खुपत नाही. एप्रिलमध्ये सोसायटीच्या दारात टँकर उभा राहिला, की प्रवेशद्वारावरच्या हिरव्या भिंतीकडे सभासद ज्या नजरेने बघतात ती नजर वास्तुरचनाकाराच्या चित्रात नसते. भांडी घासल्याचं, अंघोळीचं पाणी गाळून वापरणं हा यावरचा सर्वांत शहाणा उपाय आहे. त्यासाठी नळांची वेगळी जोडणी लागते आणि ती बांधकामाच्या वेळीच करून ठेवावी लागते. नंतर फरशा फोडून कुणी करत नाही.

पाणी किती लागतं याच्याइतकंच ते कसं आहे हेही महत्त्वाचं. बोअरचं जड पाणी ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतं, हे नाशिक-जळगावकडच्या बागायतदाराला नवं नाही. ठिबकची लॅटरल नळी कधी धुवायची, आम्ल किती सोडायचं, फिल्टर कधी उघडायचा, हे तिकडे शेतातल्या गड्यालाही ठाऊक असतं. शहरातल्या भिंतीची देखभाल करणाऱ्यांना पुष्कळदा ते ठाऊक नसतं. द्राक्षबागेत एक ड्रिपर चोंदला तर वेल चार दिवस तग धरते, कारण खाली माती असते. भिंतीवर ड्रिपर चोंदला, की त्याच्याखालचा पट्टा वरपासून खालपर्यंत करपतो आणि बिघाड कुठे आहे हे रस्त्यावरून दिसतं. कप्प्यांत भरलेल्या कोकोपीटचंही तसंच. ते नीट धुतलेलं नसेल तर त्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा जळतात, आणि दोष मात्र नर्सरीवाल्याच्या रोपांवर जातो. महाराष्ट्रात ठिबकचं एवढं जाणतं मनुष्यबळ असताना शहरातल्या उभ्या बागा तहानेने मराव्यात, याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे.

या सगळ्याच्या बदल्यात मिळतं काय? गारवा मिळतो, हे निःसंशय. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते, आणि पानांची सावली पडते ती वेगळीच. सिंगापूरच्या हॉर्टपार्कमध्ये आठ प्रकारच्या हिरव्या भिंती शेजारी शेजारी उभ्या करून मोजमाप झालं. त्यांतल्या सर्वांत चांगल्या भिंतीमागचा काँक्रीटचा पृष्ठभाग उघड्या भिंतीपेक्षा कमाल ११ अंश सेल्सियसहून अधिक थंड भरला. हा आकडा भिंतीच्या पृष्ठभागाचा आहे, खोलीतल्या हवेचा नाही. विक्रेते ही गफलत सोयीने करतात. शिवाय मुंबईच्या दमट हवेत पानांतून बाष्प कमी उडतं, म्हणून तिथे मुख्य काम सावलीचं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पाचा गारवा भरपूर मिळतो, पण पाणीही तेवढंच जातं. दुपारी तापणारी पश्चिमेची भिंत हीच या खर्चाची खरी मानकरी. उत्तरेच्या भिंतीवर केलेली हिरवाई डोळ्यांसाठी असते. तिलाही माझा विरोध नाही, फक्त ती ऊर्जाबचतीच्या नावाखाली विकली जाऊ नये.

हवा शुद्ध होते हा दावा मात्र बाजूला ठेवलेला बरा. त्याचं मूळ ‘नासा’च्या १९८९ च्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत झाले होते. आपलं घर हवाबंद पेटी नाही. खिडकीच्या फटींतूनसुद्धा हवा सतत बदलत असते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. नुसत्या हवा खेळण्याने जे साधतं ते कुंडीतल्या झाडांकडून साधायचं, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. पंख्याने हवा मुळांतून खेचणाऱ्या खास भिंतींची गोष्ट निराळी, पण ती मग यंत्राची गोष्ट झाली. घरात झाडं असावीत, जरूर असावीत. ती आवडतात एवढं कारण पुरेसं आहे.

कोणती झाडं लावायची, यावर पुस्तकात सविस्तर प्रकरण आहे, म्हणून मी दोनच गोष्टी बोलतो. नर्सरीतली नेहमीची यादी अशी: मनी प्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, रिओ, पेपेरोमिया. यांतली बहुतेक परदेशी असली तरी गुणी आणि सोशीक आहेत. वेडेलियाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पिवळ्या फुलांची ही पसरट वेल स्वस्त आणि चिवट, म्हणून रस्त्याकडेच्या कामांत सढळ हाताने वापरतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. भिंतीवरून तिचा एक तुकडा ओढ्याकाठी पडला की पुढचं काम ती स्वतःच करते.

दुसरी गोष्ट आपल्या रानातली. सह्याद्रीत झाडांच्या खोडांवर आणि खडकांवर बाशिंग नावाचा नेचा वाढतो. त्याला दोन तऱ्हेची पानं येतात. बुडाशी तपकिरी, ओकाच्या पानासारखी कातरलेली, वाळूनही न गळणारी पानं असतात. त्यांच्या ओंजळीत पालापाचोळा साठतो आणि तिथेच कुजून खत होतं. वरची हिरवी पानं कोरड्या दिवसांत झडतात आणि पावसात पुन्हा फुटतात. स्वतःची कुंडी स्वतः करणारी आणि उन्हाळ्यात पाणी न मागणारी ही वनस्पती आपल्या भिंतींवर का दिसत नाही? कारण सरळ आहे. वर्षातले काही महिने ती उजाड दिसते आणि कंत्राटात ‘बारा महिने हिरवं’ असं लिहिलेलं असतं. पावसाळ्यात हिरवी, उन्हाळ्यात तपकिरी होणारी भिंत पाहण्याची सवय आपण डोळ्यांना लावली, तर पाण्याचा प्रश्न निम्मा सुटेल. एक विनंती मात्र करतो. हे वाचून कुणी घाटात जाऊन बाशिंग किंवा आमरी खरवडून आणू नये. रोपवाटिकांनी ती बीजाणूंपासून, बियांपासून वाढवावी आणि आपण पैसे देऊन घ्यावी.

घरात भिंत करणाऱ्यांकडून सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते उजेडाचं. दिवाणखान्यात आपल्याला लख्ख वाटणारा उजेड पुष्कळदा दोन-तीनशे लक्स भरतो, आणि सावलीतली म्हणवली जाणारी झाडंसुद्धा नीट वाढायला हजाराच्या आसपास मागतात. म्हणजे रोज दहा-बारा तास दिवे आले, आणि त्यांचं बिल आलं. खिडकीजवळच्या चार कुंड्यांना यातलं काहीच लागत नाही. वजन, ओल आणि डास यांच्या चिंता त्यामानाने सोप्या. ओल्या मातीचा चार बोटांचा थर दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास जातो, म्हणून मातीच्या पेट्या लटकवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्यावी. सांगाडा आणि भिंत यांत पोकळी ठेवावी. खालच्या पन्हाळीत पाणी साचू देऊ नये, नाहीतर डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची नोटीस दारावर लागते.

राहता राहिले उड्डाणपुलांचे खांब. मेक्सिको सिटीने २०१६ पासून पेरिफेरिको रस्त्यावरच्या खांबांना हिरवे अंगरखे चढवले, आणि आपल्याकडच्या शहरांनीही तो कित्ता गिरवला. पुलाखाली पाऊस पडत नाही, धूर कोंडतो, पाणी टँकरने आणावं लागतं, आणि खांबाच्या चार बाजूंपैकी दोनच बाजूंना जेमतेम ऊन मिळतं. हंसराजाच्या चार गरजांपैकी सावली तेवढी तिथे आहे. उद्घाटनाच्या दिवशी रोपं ताजी असतात. पहिला उन्हाळा संपला की काळ्या प्लास्टिकच्या रिकाम्या कुंड्यांची रांग उरते, आणि मग पुन्हा निविदा निघते. लंडनमध्येही इस्लिंग्टन भागातल्या एका बालकेंद्राची गाजलेली हिरवी भिंत २००९ मध्ये वाळून गेली, तेव्हा हे दुखणं फक्त आपलं नाही. मात्र त्याच पैशांत पुलाशेजारच्या मोकळ्या पट्ट्यात कडुनिंब आणि करंज लावता आले असते, हे म्हणायला वनस्पतिशास्त्र शिकावं लागत नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, हा प्रस्तावना लिहिणारा पुस्तकाच्या विरोधात आहे की काय. तसं नाही. के ब्रांलीसमोर उभं राहिलेल्या माणसाला, किंवा माद्रिदच्या कैशाफोरम कलाकेंद्राची चोवीस मीटर उंच भिंत मान वर करून पाहणाऱ्याला या कलेबद्दल शंका उरत नाही. इथे वनस्पतिशास्त्र, चित्रकला आणि नळकाम एकाच पृष्ठभागावर येतात, आणि तिन्ही एकदम जमणं दुर्मीळ आहे. ते जमावं म्हणूनच या पुस्तकात जागेवर मोजायच्या गोष्टींना सर्वांत जास्त पानं दिली आहेत. ज्यांना फक्त गॅलरीची एक बाजू झाकायची आहे त्यांनी वेलींच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. परदा वेल, जाई, मधुमालती, किंवा सरळ तोंडली आणि घेवडा. सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी पाणी आणि देखभाल ही दोन प्रकरणं सभेच्या आधी वाचावीत. वास्तुरचनाकारांनी तर ती आराखडा काढण्याच्याही आधी वाचावीत.

आणि काम द्यायचंच ठरलं, तर ते जूनच्या पहिल्या दोन पावसांनंतर सुरू करावं. तेव्हा लावलेलं रोप सप्टेंबरपर्यंत नमद्यात मुळं पसरतं. मार्चमध्ये लावलेलं रोप नर्सरीत साठवलेल्या ताकदीवर जगतं, आणि ती मेपर्यंत पुरत नाही. पावसाळ्यात कुठलीही भिंत चांगलीच दिसते, त्यामुळे तेव्हा काढलेले फोटो पाहून बिल चुकतं करू नये. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता पुढच्या वर्षीचा मे संपेपर्यंत हातात राखून ठेवावा, आणि तसं करारात लिहून घ्यावं. त्याचा मसुदा परिशिष्टात दिला आहे.